मराठी माध्यमाची मिशन प्राथमिक शाळा : वर्गात आणि वर्गाबाहेर नेमके काय घडते?

सायलीची_आई
नमस्कार. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो आणि आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर मिशनची एक जुनी, अनुदानित, मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. दुसरा पर्याय म्हणजे बसने पाऊण तास लागणारी इंग्रजी माध्यमाची शाळा. आम्ही ख्रिस्ती नाही आणि घरातले धार्मिक वातावरण म्हणाल तर सणावारापुरते.

मिशनच्या शाळेविषयी कोणालाही विचारले की दोनच उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, 'शिस्त फार चांगली', आणि काही म्हणतात, 'सांभाळा, तिकडे धर्म शिकवतात'. सहा वर्षांचे मूल दिवसभर तिथे काय करते, हे यांपैकी कोणत्याच उत्तरातून मला कळत नाही. वाचायला कसे शिकवतात? प्रार्थना कोणती होते? चर्चचा आणि शाळेचा रोजच्या व्यवहारात किती संबंध येतो? वर्गातील ख्रिस्ती मुले रविवारी उपासनेला एकत्र असतात, सणाला एकमेकांच्या घरी जातात. अशा वेळी बाहेरचे मूल एकटे पडते का? शाळेभोवती माणसांचा जिवंत गोतावळा असेल तर मुलांचा फायदाच होतो, असे माझे मत आहे. परंतु त्या गोतावळ्याचा धर्म आपला नसेल तर तो फायदा आपल्या मुलीपर्यंत पोहोचतो की नाही, याबद्दल मी साशंक आहे. जे अशा शाळेत शिकले, ज्यांनी तिथे शिकवले किंवा आपली मुले घातली, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नगरकर_जुना
मी नगरच्या अशाच एका शाळेत पहिली ते चौथी शिकलो आणि आमचे घर वारकरी. आमच्या वेळी परिपाठाची सुरुवात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या प्रार्थनेने होई, मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष. शनिवारी सकाळच्या शाळेत पेटी बाहेर निघे आणि एखादे गायन होई. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गायने अभंगाच्या वळणाची असल्यामुळे ती मी घरी म्हणू लागलो तेव्हा आजीला त्यात काही परके वाटले नाही. 'चाल आपलीच आहे, पण यात विठ्ठल कसा आला नाही?' एवढेच तिने विचारले आणि पुढे स्वतःच टाळ धरला.

वाचनाविषयी सांगायचे तर, सोमवारी बाई फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पाठांतराचे एक वचन लिहीत आणि ते आठवडाभर पुसले जात नसे. रोज एक मूल पुढे येऊन छडीने एकेक शब्द दाखवीत ते वाचे. पुस्तकात जोडाक्षरे येण्याआधीच आम्हाला ती ओळखता येत, याचे श्रेय मी त्या फळ्याच्या कोपऱ्याला देतो.

एकटे पडण्याबद्दल : रविवारच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना रंगीत चित्रांची कार्डे मिळत आणि सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांचा व्यापार चाले. माझ्याकडे कार्डे नसल्याने मी त्या बाजारात कायम गिऱ्हाईक होतो. दुःख झाले असेल तर ते इतकेच.

तिरकस
मी नाताळच्या कार्यक्रमात दरवर्षी मेंढरू होतो. मेंढपाळाला दोन वाक्ये असत, मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना, दाढी आणि मुकुट मिळे, हेरोद राजाला तर ओरडायची परवानगी होती; मेंढराने मात्र पाठीवर कापूस चिकटवून गुडघ्यांवर बसून राहायचे. वार्षिक निकालात माझ्या बाईंनी 'शांत व सहकार्यशील विद्यार्थी' असा शेरा लिहिला, त्यामागे हाच अनुभव असावा.

निवृत्त_खडू
मिशनच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले, त्यामुळे वर्गाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. अनुदानित शाळेत अभ्यासक्रम शासनाचा, पुस्तके बालभारतीची, तपासणीला केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी, पोषण आहाराची खिचडी इतर शाळांसारखीच, आणि शिक्षकांचा पगारही शासनाचाच. तेव्हा मिशनची अशी काही खास अध्यापनपद्धती शोधायला गेलात तर निराशा होईल.

नगरकर_जुना यांनी फळ्यावरच्या वचनाचे कौतुक केले आहे, परंतु त्यात मी तितक्या उत्साहाने सहभागी होऊ शकत नाही. तोंडपाठ झालेले वाक्य मूल वाचते आहे की आठवते आहे, हे पहिलीच्या बाईंना सहज ओळखता येत नाही. मी तेच वचन सुट्या शब्दपट्ट्यांवर लिहून पट्ट्या पिसून देत असे आणि मग छडीने झरझर 'वाचणारी' अर्धी मुले अडखळत. त्या पट्ट्या जुळवताना, मधला एखादा शब्द लपवून तो ओळखायला लावताना, त्याच शब्दांतून नवे वाक्य करायला सांगताना जे घडे, ते खरे वाचन. 'देव', 'मेंढरू', 'कुरण', 'पाणी' एवढ्या शब्दांतून एका मुलाने 'मेंढरू पाणी पिते, देव बघतो' असे वाक्य केले होते. पुढे २०१५ पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या निमित्ताने ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीचा, गाजावाजा झाला, फरशीवर तक्ते रंगवले गेले, काड्यांचे दशकांचे गठ्ठे बांधले गेले. आमच्या जुन्या बाई हसून म्हणायच्या की चिंचोके आणि काड्या तर आम्ही कधी टाकूनच दिल्या नव्हत्या.

माझ्या मते फरक पडत असे तो घरभेटीने. आमच्या संस्थेत अशी जुनी रीत होती की पहिलीच्या शिक्षिकेने दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जाऊन यायचे, मग ते घर कोणाचेही असो. एक मुलगी दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी गैरहजर राहत असे आणि हजेरीपटावर तेवढाच खाडा दिसे. घरी गेल्यावर कळले की आई त्या दिवशी भाजी विकायला बसते आणि धाकट्या भावाला ही सांभाळते. आम्ही त्या दिवसापुरते भावाला आमच्या बालवाडीत बसवू लागलो आणि खाडे थांबले. यात धर्म कुठे आला म्हणाल, तर कोणाच्याही घरी न बोलावता जाऊन चौकशी करण्याची सवय शिक्षकांना मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायातून, लागलेली होती. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या बायबलबाई हेच तर करीत आल्या होत्या. शाळेने ती सवय उचलली आणि हजेरीपटाच्या कामी लावली.

चौकस_वाचक
सर्वांचे अनुभव गोड आहेत, म्हणून थोडे कडू लिहितो. माझा भाचा दुसऱ्या एका जिल्ह्यातील ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत दुसरीत होता; शाळेचे नाव लिहीत नाही. डिसेंबरचा बराचसा भाग तालमींत गेला, आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला एकाच ग्रंथातील गोष्टी सांगितल्या जात. एके दिवशी त्याने घरी येऊन आजीला विचारले, 'तू मूर्तीची पूजा करतेस ते पाप आहे का?' वर्गातील एका मुलाने त्याला तसे सांगितले होते. बहिणीने शाळेत जाऊन विचारले तर 'मुले आपापसात काहीही बोलतात' या उत्तरावर तिची बोळवण झाली. कोणी धर्मांतर करायला आले नव्हते, हे मला मान्य आहे. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाला आपले घर चुकीचे आहे असे वाटणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्यावर शाळेकडे उत्तर नसणे ही तर मुळीच लहान गोष्ट नाही.

निवृत्त_खडू
चौकस_वाचक, तुमच्या बहिणीला मिळालेले उत्तर मलाही पटत नाही. मुले असे बोलतात, हे खरे. उलट दिशेनेही बोलतात. आमच्या वर्गातील ख्रिस्ती मुलांना 'तुम्ही बाटगे' हा शब्द मैदानात ऐकावा लागे. दोन्ही वेळी बाईंनी त्याच दिवशी, त्याच वर्गात बोलायला हवे. मी दोन्ही मुलांना शेजारी बसवून एकमेकांच्या घरी सणाला काय करतात ते सांगायला लावीत असे. करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे नाताळलाही होतात आणि दिवाळीलाही होतात, हे कळले की निम्मे भांडण निवळते. उरलेले निम्मे मात्र मोठ्यांनी घरातून पाठवलेले असते. ते वर्गात निवळत नाही.

वकील_कुंपणावरून
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण पालक बहुधा ती विचारीत नाहीत आणि शाळाही आपण होऊन सांगत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ३० प्रमाणे धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा अधिकार आहे. त्याच वेळी अनुच्छेद २८(३) असे सांगतो की शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेतील कोणत्याही विद्यार्थ्याला तेथील धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. अनुदानित शाळेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेशही नाकारता येत नाही, ते अनुच्छेद २९(२) मध्ये आहे.

सायलीची_आई, याचा व्यवहारातील अर्थ असा की तुम्ही प्रवेशाच्या वेळी साध्या कागदावर लिहून देऊ शकता : परिपाठाच्या प्रार्थनेला मुलगी उभी राहील, शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला बसणार नाही; किंवा दोन्हींना बसेल; किंवा कशालाच नाही. कित्येक शाळांत ख्रिस्ती मुलांचा शास्त्राचा तास आणि इतरांचा नीतिशिक्षणाचा तास एकाच वेळी ठेवलेला असतो. चौकस_वाचक यांच्या भाच्याच्या शाळेत तशी सोय नसावी, असे दिसते.

केळीची_बाग
मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडचे चित्र नगरपेक्षा बरेच वेगळे आहे, म्हणून लिहिते. नगरला शाळा आधी आली आणि तिच्याभोवती मंडळी जमली, असे दिसते. आमच्याकडे धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालची गावे, शेकडो वर्षांचे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली त्याच्याही आधीपासून ही गावे ख्रिस्ती आहेत. शाळा त्यात नंतर आल्या. त्यामुळे शाळेची इमारत चर्चच्या आवारात, व्यवस्थापक म्हणजे प्रमुख धर्मगुरू, मुख्याध्यापिका बहुधा सिस्टर, आणि वर्गातली बहुतेक मुले रविवारच्या मिस्साला (चर्चमधील उपासनेला) एकाच बाकावर बसणारी. आमच्याकडे एकटे पडण्याची तक्रार कोणी केलीच, तर ती गावाबाहेरून राहायला आलेल्या कुटुंबातील मूल करील, मग ते ख्रिस्ती असले तरी.

आमच्या शिकण्यातली खरी अडचण भाषेची होती. घरी आम्ही सामवेदी ही वसईकडची बोली बोलतो. पहिलीत बाई बोलत ते मराठी आम्हाला समजे, पण उत्तर देताना तोंडातून घरचे शब्द येत आणि वर्ग हसे. ज्या बाई स्वतः गावातल्या होत्या, त्या आधी आमच्याच बोलीत विचारीत आणि मग तेच वाक्य पुस्तकी मराठीत वदवून घेत. ज्या बाहेरून आलेल्या असत, त्यांच्या वर्गात आम्ही गप्प असू आणि प्रगतिपुस्तकावर 'अबोल' असे लिहून येई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. आमच्या गावातल्या बाई ते कोणी न सांगता करीत होत्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली, याचाही शाळेशी संबंध आहे. वाचन चांगले असलेल्या मुलाला रविवारी व्यासपीठावरून बायबलमधील पहिले वाचन करायला मिळे. चौथीतल्या मुलाला भरल्या चर्चमध्ये, ध्वनिक्षेपकासमोर, अल्पविराम सांभाळून वाचावे लागे, आणि समोर आई, आजी, शेजारी आणि वर्गशिक्षिका बसलेल्या असत. वाचनाची याहून कठोर परीक्षा मी आयुष्यात दिलेली नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे आमच्याच नंदाखालचे. धर्मगुरू मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा, असे ज्यांना आश्चर्य वाटले, त्यांनी आमच्या गावातले रविवारचे वाचन ऐकलेले नसावे.

तिरकस
केळीची_बाग, वाचन चुकले तर शिक्षा कोण करी, बाई की फादर?

केळीची_बाग
आजी. मिस्सा संपल्यावर, पायऱ्यांवर, सर्वांसमोर.

इतिहासाचे_पान
'नगरला शाळा आधी आली' हे निरीक्षण बरोबर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि धर्मप्रसाराच्या आधी त्यांना शाळाच काढाव्या लागल्या, कारण शाळेवाचून कोणी जवळ येईना. १८२४ साली त्यांनी मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आल्या, पुढे १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. नगरमधील त्यांच्या शाळा पाहून आल्यावर मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाल्याचे जोतीराव फुल्यांनी नोंदवले आहे, आणि पुण्यातील १८४८ ची शाळा आपल्याला ठाऊकच आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापन प्रशिक्षणाचा धागाही फॅरारबाईंपर्यंत जातो.

मूळ प्रश्न 'मूल एकटे पडते का' असा आहे, म्हणून एक नोंद करतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. तक्रार मुंबई सरकारपर्यंत गेली, तरीही त्याला ती शाळा मिळाली नाही. ज्यांना सरकारी वर्गात बसता येत नव्हते, त्यांच्यासाठी त्या काळी मिशनची शाळा हाच बहुधा एकमेव वर्ग होता. तिथेही सर्व काही सुरळीत नव्हते. खालच्या मानलेल्या जातींची मुले बसवली की वरच्या जातींचे पालक आपली मुले काढून घेत, आणि मिशनऱ्यांनीही काही ठिकाणी तडजोडी केल्या. त्यामुळे या शाळांत 'बाहेरचे' कोण, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलेले आहे. सायलीच्या आईंना पडलेला प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उलट्या बाजूने विचारला जात होता.

मंडळीतला
मी नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचा. आजोबा, वडील आणि मी एकाच शाळेत शिकलो, आणि माझी मुले मात्र तिथे नाहीत. का नाहीत, ते लिहितो.

आमच्या शाळेला लागून बोर्डिंग होते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले तिथे राहत. दिवाळीनंतर भरती होई आणि उन्हाळ्यात गळती. मंडळीतील बायका पाळीपाळीने स्वयंपाकाला मदत करीत. कापणीच्या सणाला लोक चर्चमध्ये ज्वारी, बाजरी, भोपळे, कोंबड्या आणीत, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई, आणि काही धान्य बोर्डिंगच्या कोठीत जाई. लिलावात भोपळा कितीला गेला, कोणी चढी बोली लावून पुन्हा मंडळीलाच दान दिला, हा हिशेब बाई दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला घेत. आम्ही बेरीज अशी शिकलो. वर्गात बसलेली ऊसतोड कामगारांची मुले बहुतेक ख्रिस्ती नव्हती, पण कोठीतली बाजरी तीही खात होती आणि बेरीज तीही करीत होती. हा गोतावळा धर्माने बांधलेला होता हे खरे, परंतु त्याचे ताट सर्वांना होते.

आता बोर्डिंग बंद पडले आहे. शिक्षक शहरातून मोटारसायकलने येतात आणि पाच वाजता जातात. मंडळीतील नोकरदारांनी आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली, त्यात मीही आलो. वर्गात ख्रिस्ती मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली. पाटीवर 'मिशन' आहे, नाताळला गोठा सजतो, परंतु त्याला हात लावणारी माणसे आसपास नाहीत. तेव्हा सायलीच्या आईंना माझे उलट सांगणे आहे की ख्रिस्ती गोतावळ्यात मुलगी एकटी पडेल का, ही काळजी करण्याआधी तो गोतावळा शिल्लक आहे का, ते पाहा.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. आमच्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, हे बायबलइतकेच गंभीर पुस्तक आहे. धर्म आणि जात या रकान्यांत गुरुजींनी पहिलीत काय लिहिले, त्यावर पुढचे आयुष्य ठरते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा लाभ आधी हिंदूंपुरताच होता, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात धरतात. एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळ्या नोंदी असलेली कुटुंबे मला माहीत आहेत. वर्गात आम्ही सारे 'लेकरे' होतो. कार्यालयात मात्र रकाने होते.

निवृत्त_खडू
मंडळीतला यांनी लिहिलेले वाचून वाईट वाटले, पण नाकारता येत नाही. घरभेटीची रीतही शिक्षक गावात राहत होते तोवरच टिकली. ज्याची शेवटची गाडी साडेपाचला आहे, त्याच्याकडून घरभेटीची अपेक्षा कशी करणार? त्यातच पटसंख्या घसरली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर होतात त्यात, पद कमी होते, मग एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येतात, आणि मग पालक म्हणतात की शिकवायला कोणी नाही.

तिरकस
याच्या अगदी उलट प्रकार आमच्या उपनगरात पाहा. नव्या इंग्रजी शाळेचे नाव कुठल्याशा 'सेंट'चे, संस्थापक गळ्यात माळ घालणारे, उद्‌घाटनाला सत्यनारायण. पालक अभिमानाने सांगतात, 'कॉन्व्हेंटला आहे'. मराठी बोलणारी खरी मिशनची शाळा मात्र त्यांना 'साधी' वाटते. संताला विचारले असते तर त्याने कुठे नाव घातले असते कोण जाणे.

मांडवीकाठचा
गोव्यातून थोडी भर. आमच्याकडे १९९० च्या सुमारास प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमाला जोडले गेले, तेव्हा चर्चच्या अनेक प्राथमिक शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. पालक नाराज होते. मुलांना चौथीनंतर पाचवीत एकदम इंग्रजीत जावे लागे. २०११ मध्ये शासनाने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचे ठरवल्यावर मोठे आंदोलन झाले, तरी अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ते पुढेही मिळत राहिले आणि पुष्कळ शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. शाळा ख्रिस्ती असो वा नसो, पाय कुठे वळतील ते माध्यमच ठरवते. सायलीच्या आईंनी दोन शाळांची तुलना करताना त्यांतले धर्माचे किती आणि माध्यमाचे किती, हे वेगळे काढावे.

चौकस_वाचक
मांडवीकाठचा यांचा मुद्दा योग्य आहे. मंडळीतला यांनी ज्या ताटाचे वर्णन केले, त्याला माझा आक्षेप असण्याचे कारण नाही. माझा आक्षेप प्रश्न विचारणाऱ्या पालकाला टाळणाऱ्या शाळेला आहे, आणि अशा शाळा सर्व धर्मांच्या संस्थांत भेटतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला एकाच ग्रंथातील गोष्टी सांगणाऱ्या आणि तो ग्रंथ बायबल नसणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत.

सायलीची_आई
सर्वांचे मनापासून आभार. येथील प्रतिसाद वाचून मी आणि माझे पती या आठवड्यात शाळेत जाऊन आलो, आणि ठरवून परिपाठाच्या वेळेलाच गेलो. प्रार्थना दोन झाल्या, एक ख्रिस्ती आणि दुसरी सर्वसाधारण, मग राष्ट्रगीत, राज्यगीत आणि शेवटी पसायदान. पसायदान तिथे ऐकून मला आश्चर्य वाटले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या की ते इथे फार वर्षांपासून आहे. वर्गात पहिली आणि दुसरी एकत्र बसतात, निवृत्त_खडू यांनी म्हटले तसेच. बाईंनी दुसरीच्या मुलांना जोड्यांनी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायला बसवले होते आणि स्वतः एका मुलाशी काड्या मोजत होत्या. ही सोय अडचणीतून निघाली असावी, पण मला ती आवडली.

वकील_कुंपणावरून यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. शास्त्राचा तास आठवड्यातून एकदा असतो आणि त्या वेळी इतर मुले चित्रकलेला बसतात, असे उत्तर मिळाले. घरभेटीविषयी विचारल्यावर मात्र 'आता जमत नाही' असे प्रामाणिक उत्तर आले. मंडळीतला यांनी सुचवल्याप्रमाणे चर्चशी आज किती जाणे-येणे आहे, तेही विचारले. पाळकसाहेब नवीन आहेत. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या पत्नी चर्चच्या व्हरांड्यात मुलांना पेटी शिकवतात, आणि तिथे येणारी बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत.

आमचे मत या शाळेकडे झुकले आहे. सासूबाईंना अजून पटलेले नाही आणि त्यांची शंका धर्माची नसून इंग्रजीची आहे. यावर कोणाला काही सांगता येईल का?

निवृत्त_खडू
पहिलीपासून इंग्रजी हा विषय मराठी शाळांतही असतो, हे सासूबाईंना सांगा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शाळेत सेमी इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून आहे आणि गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्या बाईंना ते स्वतःला सोयीचे वाटते का, हे विचारा. मराठीत चांगले गणित शिकवणाऱ्या बाईंकडून अडखळत्या इंग्रजीत गणित शिकणे, यात मुलाचे दोन्हीकडे नुकसान होते. आणि पहिल्या महिन्यात मुलगी घरी येऊन काय सांगते, ते ऐका. काय शिकवले ते विचारू नका, शेजारी कोण बसले ते विचारा.

मंडळीतला
शनिवारच्या पेटीच्या वर्गाचे वाचून बरे वाटले. त्या पाळकसाहेबांच्या पत्नींना एखादी जुनी पेटी लागत असेल तर कृपया कळवा. आमच्या घरी एक पडून आहे, भात्याची दुरुस्ती मात्र करावी लागेल.

वकील_कुंपणावरून
संमतीचे पत्र द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शाळेच्या शिक्क्यासह पोच घ्या. मुख्याध्यापिका कितीही चांगल्या असल्या तरी त्या कधीतरी निवृत्त होतात. पोच फायलीत राहते.